सा पाला जायचंय? आधी भाताचं वेळापत्रक बघा

सा पा हे व्हिएतनामच्या वायव्येकडचं डोंगरगाव. लाओ काय प्रांतात, चीनच्या हद्दीजवळ. तिथले लोक हे नाव दोन सुट्या शब्दांत लिहितात, म्हणून मीही तसंच लिहिते; जोडून लिहिलं की मराठी वाचणाऱ्याचा घोटाळा होतो. उंची दीड हजार मीटरच्या आसपास. गावाखाली मुओंग होआ ओढ्याचं खोरं आहे आणि खोऱ्याच्या दोन्ही अंगांना, ओढ्याच्या काठापासून थेट ढगात दिसेनाशी होईपर्यंत, भाताची खाचरं. एकाखाली एक, डोंगराच्या वळणाला वळण देत कापलेली.

माझं माहेर भातशेतीचं. लहानपणी पावसाळ्यात शाळेतून आलो की दप्तर टाकून आम्ही लावणीच्या चिखलात. त्यामुळे तिथे पोचल्यावर पहिल्या अर्ध्या तासातच मला जाणवलं, की आपण ज्याला देखावा म्हणतोय ते कुणाचं तरी रोजचं काम आहे. त्या कामाच्या दिवसांप्रमाणे सहल आखली तर सा पा मनापासून भेटतं. नाहीतर माणसं दोन दिवस हॉटेलच्या खिडकीतून पांढरं धुकं बघून परत येतात आणि म्हणतात, काही दिसलंच नाही.

मी दोनदा गेले. २०१९ च्या सप्टेंबरअखेर एका गटाबरोबर, आणि २०२३ च्या मे महिन्याच्या शेवटी धाकट्या जावेबरोबर, आमचं आम्ही. पहिल्या वेळी जे चुकलं ते दुसऱ्या वेळी बदललं. खाली लिहिलंय ते त्या अनुभवातून.

कधी जायचं

तिथे वर्षाला एकच पीक निघतं. थंडी इतकी असते की दुसरं पीक तग धरत नाही. एप्रिलच्या शेवटापासून खाचरांत पाणी सोडायला लागतात. मे अखेर ते जूनच्या मध्यापर्यंत चिखलणी आणि लावणी. जुलै-ऑगस्टमध्ये सगळं हिरवंगार. ऑगस्टच्या शेवटी पिवळेपणा यायला लागतो आणि सप्टेंबरात कापणी. बहुतेक पर्यटक या पिवळ्या भातासाठीच येतात.

यात एक गोष्ट ध्यानात ठेवा. सगळं खोरं एकाच दिवशी पिकत नाही. खाली हवा उबदार, तिथलं भात आधी तयार होतं. वरच्या चढावरचं मागून. २०१९ मध्ये मी सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात पोचले, तेव्हा खालच्या खाचरांत नुसते खुंट उरले होते आणि पेंढा जळत होता. वरच्या बाजूला मात्र अजून भात उभं होतं. पिवळी खाचरं बघायची असतील तर सप्टेंबरचा पहिला पंधरवडा धरा. त्यानंतरच जमणार असेल तर सा पाच्या दक्षिणेला मू कांग चाय नावाचा, ह्मोंग या डोंगरी जमातीचा मुलूख आहे, तिथे भात थोडं उशिरा पिकतं. तिथली खाचरं सा पापेक्षा सुंदर आहेत असं म्हणणारे पुष्कळ आहेत.

मला विचाराल तर मी मे अखेर सांगेन. तेव्हा खाचरांत पाणी भरलेलं असतं, रोपं अजून लावायची असतात, आणि ढग जरा बाजूला झाला की डोंगरच्या डोंगर चकाकायला लागतो. वर्षभरात सगळ्यात जास्त माणसं शेतात दिसतात ती याच दिवसांत. पोरांपासून आजीपर्यंत सगळे.

जुलै आणि ऑगस्ट टाळा. पाऊस जोराचा असतो आणि दरडी कोसळतात. सप्टेंबर २०२४ मध्ये यागी वादळाच्या पावसाने याच लाओ काय प्रांतात पूर आणि भूस्खलन होऊन गावंच्या गावं शोकात बुडाली. त्यामुळे सप्टेंबरात जातानाही हवामानाचा अंदाज रोज बघा, मुसळधार पाऊस सांगितला असेल तर हनोईतच थांबा, आणि परतीच्या विमानाआधी एक दिवस मोकळा ठेवा. डिसेंबर ते फेब्रुवारी खाचरं ओसाड, तपकिरी असतात. रात्री पारा शून्याजवळ जातो आणि उंचावर कधी बर्फही पडतं. गावातल्या घरांत शेकोटीशिवाय ऊब नसते. तेटच्या म्हणजे चांद्र नववर्षाच्या आठवड्यात दुकानं, बसगाड्या, खानावळी सगळ्यांचीच ओढाताण असते, तेव्हा नकोच.

धुक्याचं काय करायचं

आमच्याकडे याला धुई म्हणतात. सा पाची धुई दाट. समोरच्या माणसाचा कमरेखालचा भागही दिसत नाही असे तास येतात. वैतागू नका, कारण ती सगळीकडे सारखी नसते. सा पा गाव खोऱ्याच्या वरच्या कडेला आहे आणि ढग नेमके त्याच उंचीवर येऊन बसतात. ता वान गाव त्याहून बरंच खाली आहे. वर काहीच दिसत नसताना तिथे स्वच्छ असू शकतं. आमचा पहिला दिवस तसाच गेला. सकाळी नऊ वाजता चौकातलं दगडी चर्च, जे फ्रेंचांच्या काळातलं आहे, वीस पावलांवरून दिसत नव्हतं. तासभर उतरल्यावर डोक्यावर ढगाचं छत आणि खाली अख्खं खोरं उघडं.

दुसरा उपाय वर जाण्याचा. फान्सीपान हे इंडोचायनातलं, म्हणजे व्हिएतनाम, लाओस आणि कंबोडिया मिळून, सगळ्यात उंच शिखर; माथ्यावरच्या धातूच्या त्रिकोणी खुणेवर ३१४३ मीटर असं कोरलंय. २०१६ पासून तिथे रोपवे जातो, सव्वासहा किलोमीटर लांबीचा. तिकीट सुमारे ८ लाख डोंग (डोंग हे तिथलं चलन, त्याचा हिशेब पुढे दिलाय), म्हणजे स्वस्त नाही, आणि वर पोचल्यावर पायऱ्या आहेत. कधी कधी ढग खाली राहतात आणि माथ्यावर ऊन असतं. कधी माथाही ढगात. तिकीट आदल्या दिवशी काढू नका. सकाळी स्थानिकांना विचारा, मगच ठरवा. माझं मत स्पष्ट आहे: दोनच दिवस असतील तर फान्सीपान सोडा, खोऱ्यात चाला.

तिसरा उपाय फार कमी लोक करतात. सा पाहून पश्चिमेला ओ क्वी हो घाट आहे, दोन हजार मीटरच्या आसपास. घाटमाथा ओलांडला की हवा बदलते. अलीकडे धुई आणि पलीकडे लाय चाऊ प्रांताच्या बाजूला ऊन, असं आम्ही स्वतः पाहिलं. गाडी ठरवून अर्ध्या दिवसात होतं.

पोचायचं कसं

भारतीयांना ई-व्हिसा लागतो. तो व्हिएतनाम सरकारच्याच संकेतस्थळावर काढा. पत्त्याच्या शेवटी ‘गव्ह डॉट व्हीएन’ असतं. त्यासारखी दिसणारी खासगी संकेतस्थळं पुष्कळ आहेत आणि ती दुप्पट-तिप्पट पैसे घेतात. एकदा जाण्याच्या व्हिसाची सरकारी फी २५ डॉलर आहे. पासपोर्टवरचं नाव अक्षर न् अक्षर जुळवून लिहा, आणि निघायच्या दोन आठवडे आधी अर्ज करा.

हनोईहून सा पा तीनशेहून थोडं जास्त किलोमीटर. लाओ कायपर्यंतचा द्रुतगती मार्ग २०१४ मध्ये झाला, तेव्हापासून बसने पाच-सहा तास लागतात. आडवं झोपता येतं अशा बस आहेत. चढतानाच बूट काढून पिशवीत ठेवायचे असतात, हे माहीत नसलं की दारातच गोंधळ होतो. रात्रीची बस पहाटे तीन-चारला पोचते. मी दिवसाची सुचवते, म्हणजे शेवटच्या घाटाची वळणं उजेडात दिसतात. गाडी लागत असेल त्यांनी त्या शेवटच्या तासाआधी पोटभर जेवू नये.

रात्रीची रेल्वेही आहे. हनोईहून आठ तासांत लाओ काय, आणि तिथून मिनिबसने ३८ किलोमीटर चढ. वेळ जास्त जातो, पण पाठीला आराम मिळतो. वयस्कर माणसं बरोबर असतील तर हीच बरी.

पैशांची एक गोष्ट. एका रुपयाला तीनशेच्या आसपास डोंग मिळतात, त्यामुळे सगळे आकडे लाखांत. २० हजारांची आणि ५ लाखांची नोट, दोन्ही निळसर. संध्याकाळच्या अंधूक उजेडात पाण्याच्या बाटलीसाठी ५ लाखांची नोट हातातून जाऊ शकते. त्या दोन नोटा पाकिटाच्या वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवा. गावांत एटीएम नाही असं धरून चाला. रोख सा पातच काढा आणि सुट्या नोटा जवळ ठेवा.

मुक्काम गावात करा, शहरात नाही

सा पा आता गाव राहिलेलं नाही. हॉटेलं, बांधकामं, गर्दी. पहिल्या वेळी मी तिथल्याच एका हॉटेलात होते आणि त्यांच्याच टेबलावर दोन दिवसांची पायी सहल घेतली. सकाळी बघते तर आम्ही अठरा जण आणि पुढे एकच ह्मोंग बाई. संध्याकाळी तिच्याशी बोलताना कळलं, की मी दिलेल्या पैशांतला फार थोडा वाटा तिच्या हातात पडणार होता. ते मला फार लागलं.

दुसऱ्या वेळी आम्ही ता वानमध्ये एका घरात तीन रात्री राहिलो. लाकडी घर, माळ्यावर गाद्या आणि मच्छरदाण्या, खाली चूल. माळ्याच्या अर्ध्या भागात मक्याची कणसं वाळत टाकलेली. जेवण सगळ्यांबरोबर. अशी घरं ता वान, लाओ चाय, यांग ता चाय, ता फिन, बान हो या गावांत आहेत आणि त्यांतली बरीच इंटरनेटवर सापडतात. घर ठरवताना दोन प्रश्न विचारा: घरची माणसं तिथेच राहतात का, आणि स्वयंपाक कोण करतं. ‘होमस्टे’ अशी पाटी लावलेली मोठी लॉजंही आता आहेत. ती वाईट नाहीत, पण तिथे घर नसतं.

वाटाड्या बाई थेट ठरवा. सा पात चर्चसमोर आणि बाजाराजवळ पाठीवर वेताची टोपली घेतलेल्या ह्मोंग बाया उभ्या असतात. पुष्कळ जणी सुरेख इंग्रजी बोलतात. पर्यटकांशी बोलता बोलता त्या ते शिकल्या. घरमालकिणीला सांगितलं तर तिच्या ओळखीची कुणी तरी नक्की असते. आम्ही दोघींत मिळून दिवसाचे ७ लाख डोंग दिले, थेट तिच्या हातात. किती तास, किती चढ, जेवण कुणाचं, हे आधीच बोलून घ्या. आणि पैसे ठरवताना एक-दोन लाखांवरून घासाघीस करू नका. आपल्या एका जेवणाचा तो खर्च असतो.

कुठे चालायचं

नेहमीची वाट सा पाहून यी लिन्ह हो, मग लाओ चाय, मग ता वान. दहा-बारा किलोमीटर, बहुतांश उतार, सावकाश पाच-सहा तास. लाओ चाय काळ्या ह्मोंगांचं, ता वान मुख्यतः झाय लोकांचं, त्यापुढे यांग ता चाय लाल झाओंचं. एका दिवसात तीन भाषांमधून आपण चालत जातो. व्हिएतनाममध्ये अधिकृत ५४ जमाती मानतात, त्यांतल्या पाच-सहा या खोऱ्यातच भेटतात.

ओळखायचं कसं, तर कपड्यांवरून. काळ्या ह्मोंग बाया नीळीत इतक्यांदा बुडवलेलं कापड नेसतात की ते काळं दिसतं; पोटऱ्यांना पट्टे गुंडाळलेले, कानांत मोठ्या चांदीच्या रिंगा. लाल झाओ बाया कपाळावरचे केस आणि भुवया काढतात आणि डोक्याला गोंडे लावलेलं लाल फडकं बांधतात. झाय बायांचा पोशाख साधा, एकाच भडक रंगाचा अंगरखा, डोक्याला चौकड्यांचा रुमाल. या जमातींची नावं रोमन लिपीत वाचून ‘दाओ’, ‘गियाय’ असं म्हणू नका, तिथे ती झाओ आणि झाय अशीच उच्चारतात. नाव नीट घेतलं की समोरचा चेहरा खुलतो.

कात कात हे शहराला लागून असलेलं, तिकीट काढून बघायचं गाव. भाड्याचे पोशाख घालून फोटो काढणाऱ्यांची तिथे झुंबड असते. मला ते आवडलं नाही, फक्त एक गोष्ट सोडून: ओढ्याच्या पाण्यावर चालणारं मुसळ. लाकडाच्या लांब दांड्याच्या एका टोकाला पन्हळ, दुसऱ्याला मुसळ. पन्हळ भरली की ती खाली जाते, रिकामी झाली की मुसळ उखळात आपटतं. कुणी बसायची गरज नाही, भात आपलं कांडलं जातंय. माझी आजी हे बघायला हवी होती.

ता वानच्या वाटेवर खोऱ्यात कोरीव खुणांचे मोठे दगड पसरलेत. त्यांची पहिली नोंद १९२५ मध्ये झाली. खाचरांच्या मधोमध ते तसेच पडलेत आणि शेतकरी त्यांना वळसा घालून नांगरतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं. बांधावरून चालताना वाटाड्या बाई जिथे पाय ठेवते तिथेच ठेवा. हे खाचर नुसतं मातीच्या बांधावर उभं असतं. डोंगरमाथ्यावरच्या जंगलातून ओहोळ येतो, तो पाटाने किंवा बांबूच्या पन्हळीने पहिल्या खाचरात, तिथून बांधातल्या खाचेतून दुसऱ्यात, असं शेकडो खाचरांतून पाणी उतरत जातं. मधला एक बांध ढासळला तर ते खाचर रिकामं होतं आणि खालच्यांत माती जाते. मी स्वतः पाहिलं, फोटोसाठी चौघं जण ओल्या बांधाच्या टोकावर उभे राहिले आणि दोन हात लांबीची कड सुटली. शेतातली म्हातारी काही बोलली नाही. कुदळ घेऊन आली आणि बांध घालायला लागली. फोटो वाटेवरूनही छान येतात.

आमच्या वाटाड्या ताईच्या दिराचं खाचर ता वानच्या वर होतं. लावणी चालली होती. रोपांच्या जुड्या पाण्यात टाकलेल्या, सहा-सात बाया वाकून मागे मागे सरकत होत्या. मी हातानेच विचारलं, लावू का? ताई हसली, तिने माझे बूट धरले. पाणी गार होतं, चिखल ओळखीचा. जुडी डाव्या हातात धरून अंगठ्याने दोन-तीन काड्या सुट्या केल्या तशी शेजारची बाई माझ्या अंगठ्याकडे बघून काहीतरी ओरडली आणि सगळ्या हसल्या. मग त्यांनी ओळीत माझ्यासाठी जागा केली. भाषा एक शब्दाची नाही, पण अर्धा तास आम्ही एका ओळीत लावलं. तुम्हालाही करून बघायचं असेल तर विचारा, पण त्यांच्या वेगात अडथळा होतोय असं दिसलं की बाहेर या. लावणीच्या दिवसांत प्रत्येक तास मोलाचा असतो.

जंगलाकडे चढणारी एखादी वाट घ्यायला सांगा. वरच्या दमट सावलीत मोठ्या वेलदोड्याची लागवड आहे. तो आपल्या मसाल्यातल्या वेलदोड्याचा भाऊबंद, तिथे त्याला थाओ क्वा म्हणतात आणि फो नावाच्या शेवयांच्या रश्श्यात घालतात. फळं बुंध्याशी, मातीतून वर आल्यासारखी लागतात. सा पाच्या बाजारात वाळवलेली मिळतात. मटणाच्या मसाल्यासाठी मी पाव किलो आणली.

कापड घेताना

ह्मोंग बाया अंबाडीसारख्या दिसणाऱ्या भांगेच्या सालीचा धागा काढतात. तो जोडण्याचं काम चालता चालता सुरू असतं. आमची ताई चढावर गप्पा मारत होती आणि बोटं धागा वळत होती. मग विणणं, मेणाने नक्षी काढणं, नीळीत बुडवणं, वाळवणं, पुन्हा बुडवणं, अशा कितीतरी फेऱ्या. मेण काढलं की नक्षी पांढरी उमटते. ज्या बाईचे तळहात आणि नखं निळी आहेत तिच्याकडे घ्या. कापड बोटाने घासून बघा; खऱ्या नीळीचा रंग थोडा बोटाला लागतो आणि वासही येतो. घरी ते वेगळं, गार पाण्यात धुवायचं. गुळगुळीत, हलकं आणि सगळीकडे एकसारखं छापलेलं कापड कारखान्यातलं असतं, ते बाजारात ढिगाने आहे. हाताने केलेलं स्वस्त नसतं आणि नसावंच.

रविवार हाताशी असेल तर बाक हाचा बाजार बघा. सा पाहून गाडीने अडीच-तीन तास, म्हणून पहाटे निघावं लागतं. तिथे फुलांच्या ह्मोंग बाया, म्हणजे रंगीबेरंगी भरतकामाचे घागरे घालणाऱ्या, डोंगरातून खरेदीला येतात. हा त्यांचा स्वतःचा बाजार आहे: म्हशी, कोंबड्या, कुदळी, बियाणं. म्हशींच्या भागात जरूर जा. शिंगं, दात, खूर बघत ज्या गंभीरपणे सौदा चालतो, तो आपल्या बैलबाजाराचीच आठवण देतो.

मुलं, दारं, कॅमेरा

सा पाच्या रस्त्यावर चार-पाच वर्षांची मुलं पाठीवर धाकटं भावंड बांधून कंगण विकतात. जीव तुटतो. तरीही त्यांच्याकडून घेऊ नका, खाऊ-पैसेही देऊ नका. मुलाने विकलं तर खपतं हे घरात कळलं की मूल शाळेऐवजी रस्त्यावर येतं. घ्यायचं तर त्यांच्या आईकडून, मावशीकडून घ्या.

एखाद्या घराच्या दाराला हिरव्या फांद्या बांधलेल्या दिसल्या तर आत जाऊ नका. घरात काही विधी किंवा सुवेर असतं, आणि परक्याने येऊ नये असा त्याचा अर्थ. घरात गेलात तर पूर्वजांच्या देव्हाऱ्याला हात लावू नका. फोटोआधी विचारा. म्हाताऱ्या झाओ बाया पुष्कळदा नको म्हणतात, मग हसून मान डोलवा आणि पुढे चला. ह्मोंग भाषेत आभार मानायला ‘उआ चाऊ’, व्हिएतनामीत ‘काम अन’. ही दोन शब्दांची शिदोरी फार कामाला येते.

शाकाहारी मंडळींसाठी

माझी जाऊ शाकाहारी आहे, म्हणून हे नीट शोधलं. ‘तोय आन चाय’ म्हणजे मी शाकाहारी. एवढ्याने मांस थांबतं, पण माशांचं पाणी, म्हणजे नुओक माम, आणि डुकराची चरबी थांबत नाही. त्या दोन्ही गोष्टी वेगळ्या सांगाव्या लागतात. सकाळी सांगितलंत तर घरमालकीण कढई वेगळी ठेवते. मग भात, टोफू, चवचवच्या कोवळ्या वेलीची लसूण घातलेली परतलेली भाजी, बांबूच्या नळीत शिजवलेला चिकट भात, अंडी चालत असतील तर आमलेट. चवचवचे वेल त्या भागात मांडवांवर पसरलेले दिसतात. जावेने मेतकूट नेलं होतं. तिसऱ्या दिवशी घरातली पोरंही भातावर मागून घेत होती. रस्त्यावर भाजलेलं कणीस, रताळं आणि चेस्टनट मिळतात. रात्री तांदळाची किंवा मक्याची दारू पुढे येते. नको असेल तर पेल्यावर हात ठेवा, कुणी रागावत नाही.

लाल झाओ लोकांचं औषधी पाल्याचं स्नान ता फिनमध्ये घ्या. लाकडी पिंपात गरम काढा, आपण गळ्यापर्यंत आत. चालून दुखलेले पाय मोकळे होतात. वीस मिनिटांहून जास्त बसू नका, उठताना चक्कर येते. रक्तदाबाची तक्रार असेल तर नकोच.

सामानात काय

रबरी बूट तिथेच भाड्याने मिळतात आणि चिखलात तेच चालतात; महागडे ट्रेकिंगचे बूट पहिल्याच उतारावर चिखलाने जड होतात. मोजे मात्र चार जोड्या न्या. पातळ पावसाळी कोट, एक उबदार कपडा मे महिन्यातही, मोबाइलसाठी प्लॅस्टिकची पिशवी, डोक्याला बांधायचा दिवा, कारण गावातली वाट रात्री अंधारी असते. गुडघे कुरकुरत असतील तर बांबूची काठी. ती वाटाड्या बाईच कापून देते.

शेवटच्या दिवशी ती बाई तुमच्या मनगटाला विणलेली दोऱ्याची पट्टी बांधेल. ती भेट असते, घ्या. त्यानंतर टोपलीतलं फडकं बाजूला करून कापड दाखवेल, आणि तेव्हा पाकीट उघडायचं. आमच्या ताईकडून मी एक निळा पट्टा घेतला. आल्यावर पहिल्यांदा धुतला तेव्हा बादलीतलं पाणी गडद निळं झालं आणि माझी नखं दोन दिवस निळी राहिली.